पेंडगुळीवरचा केवडा

५ सप्टेंबर २०२३. माझ्या बागेच्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे : 'पेंडगूळ क्र. २. शेंड्याची चार पानं पिवळी. शिरा हिरव्याच. खालची पानं ठीक.' झाडाला काय झालंय ते या एका ओळीत सगळं होतं. पण ती ओळ वाचायची कशी, हे कळायला मार्च २०२४ उजाडला आणि झाडं सावरायला त्यानंतरचं जवळजवळ वर्ष गेलं. तुमच्या अंगणात अशीच पिवळी पानं असतील तर तुम्हाला इतकं फिरावं लागू नये, म्हणून तारखा, खर्च आणि माझ्या चुका जशा झाल्या तशा लिहितेय.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. तिथे आमच्या विहिरीच्या काठावर लाल पेंडगूळ आहे, जिला नर्सरीवाले एक्झोरा म्हणतात. तिला कधी कुणी खत घातल्याचं मला आठवत नाही. बाराही महिने गच्च हिरवी, आणि घोसच्या घोस. एप्रिल २०२३मध्ये यांच्या बदलीमुळे आम्ही सोलापूरला आलो. हद्दवाढ भागातलं नवं बांधलेलं घर, पुढे कुंपणाच्या भिंतीला लागून चार फूट रुंद आणि बारा फूट लांब वाफा. आईने पेंडगुळीची तीन रोपं आणि अनंताची दोन, फांद्या रुजवून पिशवीत वाढवून ठेवलेली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती आणून लावली. गच्चीवर अरेका पामच्या दोन कुंड्या आणि एक जास्वंद होती.

पहिले तीन महिने सगळं छान होतं. तेव्हा ते जागा मानवल्याचं लक्षण वाटलं. आता कळतं की रोपांची मुळं अजून आईच्या पिशवीतल्या लाल मातीतच होती. मुळं त्या गोळ्याबाहेर पडून इथल्या मातीत शिरली आणि शेंडे पिवळे पडायला लागले. नर्सरीतून लाल मातीच्या पिशवीत आणलेलं झाड दोन-तीन महिने टवटवीत राहून मग पिवळं पडत असेल, तर हे कारण आधी मनात आणा.

त्यात ते वर्ष पावसाचं नव्हतं. २०२३चा ऑगस्ट हा देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि सोलापुरात तर आभाळाकडे बघवत नव्हतं. महापालिकेचं पाणी दिवसाआड सोडाच, चार-पाच दिवसांनी येणारं. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. झाडांना बोअरचं. ऐन श्रावणात मी रोज पाइप धरून उभी असायची. त्या पाण्याने नळाच्या तोट्यांवर पांढरे थर बसत होते, बादलीच्या कडेला वर्तुळ उमटत होतं. पण हेच पाणी झाडाच्या मुळाशीही तसाच थर धरत असेल, हे डोक्यात आलं नाही.

सगळ्यात आधी योग्य शब्द उच्चारला तो आमच्या दूधवाल्या मामांनी. त्यांचा मोहोळ तालुक्यात ऊस आहे. सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी दुधाचं माप देता देता ते वाफ्याकडे बघून म्हणाले, ''ताई, केवडा पडलाय की ह्याच्यावर. आमच्या उसावर पडतो तसला. चुनखडीच्या रानात हे असंच हुतंय.'' मी मान डोलावली आणि विसरून गेले. केवडा म्हणजे लोह न मिळाल्याने कोवळी पानं पिवळी पडणं, हे तेव्हा माहीत नव्हतं. ऊस कुठे, पेंडगूळ कुठे, असं वाटलं. त्या दिवशी त्यांना दोन प्रश्न विचारले असते तर पुढचे सहा महिने वाचले असते.

त्याऐवजी मी एका नर्सरीत पान दाखवायला नेलं. ''अन्न कमी पडतंय, डीएपी आणि बोनमील घाला,'' असं सांगितलं गेलं. दोन्ही मिळून २४० रुपये. महिन्याभरात फरक नाही म्हणून एका दुकानातून ३८० रुपयांचं टॉनिक आणलं. नोव्हेंबरात एक व्हिडिओ बघितला आणि खायच्या चुन्याची निवळी दर आठवड्याला घालायला लागले. अंड्याची टरफलं वाटून घातली. प्रत्येक वेळी मनापासून वाटायचं की आता सुधारेल. प्रत्यक्षात डीएपी आणि बोनमीलमधल्या जादा स्फुरदाने (फॉस्फरसने) लोह आणखी अडकत होतं आणि चुन्याने जखमेवर मीठ चोळलं जात होतं. डिसेंबरअखेर नवी पानं पिवळीही राहिली नाहीत, कागदासारखी पांढरट झाली. मग त्यांच्या कडा करपल्या, आणि पेंडगूळ क्र. २चे दोन शेंडे वाळून गेले. अनंताच्या कळ्या हिरव्या असतानाच गळत होत्या.

आईचा रविवारी फोन यायचा आणि ती हटकून विचारायची, ''फुलली का गं?'' मी थंडीचं निमित्त सांगायची. खोटं बोलल्याचं मला फार लागायचं, कारण ती रोपं तिने गुडघे दुखत असताना वाकून केलेली होती.

जानेवारी २०२४मध्ये गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरली आणि मी ठरवलं, की आता काहीही घालायचं नाही. आधी माती तपासायची. २४ जानेवारीला मी एका पिशवीत वाफ्यातली माती भरून माती परीक्षण प्रयोगशाळेत गेले. नमुना घेतला गेला नाही, आणि ते योग्यच होतं. माती ओली होती, खताच्या रिकाम्या पिशवीत भरलेली होती, झाडाच्या बुंध्याजवळची म्हणजे नेमकी खत पडलेली होती आणि लोखंडी खुरप्याने काढलेली होती. अर्जावर गट क्रमांक, गाव, तालुका, मागील पीक, पुढील पीक असे रकाने. माझ्याकडे गट क्रमांक कुठला? काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं की घराच्या कागदावरचा सिटी सर्व्हे नंबर लिहा, पीक म्हणून 'शोभेची झाडं' लिहा, आणि ओळखपत्राची एक प्रत जोडा. तुम्ही जाणार असाल तर हा नंबर आधीच लिहून न्या. त्यासाठी मला एक फेरी जास्त पडली.

नमुना कसा घ्यायचा हे त्यांनी समजावून सांगितलं, ते इथे देते. शेवटचं खत घालून निदान दीड-दोन महिने झालेले असावेत. वाफ्यात पाच-सहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा, साधारण वीतभर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची माती खरवडून घ्यायची. लोह, जस्त तपासायचं असेल तर लोखंडी अवजार आणि पत्र्याचं घमेलं चालत नाही. मी बांबूची चपटी काठी आणि प्लॅस्टिकचा टब वापरला. सगळी माती एकत्र करून गोल पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे पुन्हा चार. अर्धा किलो राहीपर्यंत असं करत राहायचं. मग सावलीत वाळवायची, उन्हात नाही. कापडी किंवा नवी कोरी पिशवी, आत-बाहेर चिठ्ठी. पाण्याच्या नमुन्यासाठी बोअरची मोटार पंधरा मिनिटं चालू ठेवून मग एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून गच्च भरायची आणि त्याच दिवशी नेऊन द्यायची.

३० जानेवारीला दोन्ही नमुने दिले. मातीचे सूक्ष्म अन्नद्रव्यांसह ३०० रुपये, पाण्याचे १५०. पावती जपून ठेवा, तिच्यावरचा नमुना क्रमांक सांगितल्याशिवाय फोनवर काही कळत नाही. दहा दिवसांत मिळेल असं वाटलं होतं. शेतकऱ्यांचे नमुने खूप आलेले होते, त्यामुळे अहवाल २३ फेब्रुवारीला हातात आला. चोवीस दिवस. त्या काळात मी फक्त पाणी घातलं. काही न करणं फार अवघड गेलं.

अहवालातले आकडे असे होते : सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, सात म्हणजे मधलं) ८.४. मुक्त चुना १४.५ टक्के. सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के. उपलब्ध स्फुरद 'अत्यंत जास्त', पालाश (पोटॅशियम) 'जास्त'. लोह २.८ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत २.८), जस्त ०.५. पाण्याचा सामू ७.८ आणि बायकार्बोनेट ७.४ (लिटरला मिलिइक्विव्हॅलंट). कागद हातात असूनही मला त्यातलं फारसं उमगलं नाही. लोहासमोर 'कमी' लिहिलेलं होतं, एवढंच समजलं.

इथे मी आणखी एक पाऊल टाकलं, ज्याने गोंधळ वाढला. आमच्याकडचे डाळिंबवाले पानांचं परीक्षण करून घेतात, तसं आपणही करावं म्हणून मार्चच्या सुरुवातीला एका खाजगी प्रयोगशाळेत पेंडगुळीची पिवळी पानं पाठवली. ९०० रुपये, अकरा दिवस. अहवाल म्हणाला, पानात लोह २१० पीपीएम, 'पुरेसे'. मातीत कमी आणि पानात पुरेसं! त्या संध्याकाळी मी वाफ्याशी बसून रडले. रोपं उपटून त्या जागी फरशी घालावी, असंही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरमालकांच्या ओळखीतून कृषी विज्ञान केंद्रातल्या मृदाशास्त्राच्या मॅडमना फोन केला. त्यांनी १९ मार्चला भेटायला बोलावलं आणि सांगितलं, दोन्ही अहवाल आणाच, पण झाडाची एक अख्खी फांदीही आणा. नुसतं पान नको. त्यांचा पहिला प्रश्न होता, ''ताई, पिवळं आधी शेंड्याचं पान पडलं की बुडाचं?'' मी वही उघडून ५ सप्टेंबरची नोंद दाखवली. ''मग अर्धं निदान तुम्हीच लिहून ठेवलंय,'' त्या म्हणाल्या.

त्यांनी जे समजावलं ते मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरती असतात. ती कमी पडली की झाड म्हाताऱ्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं. म्हणून अशी कमतरता बुडाच्या पानांवर आधी दिसते. नत्राची असेल तर ते पान सगळंच फिकट पिवळं होतं, मॅग्नेशियमची असेल तर शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो, पालाशाची असेल तर ठिपके येतात आणि कडा करपतात. लोह, मंगल (मँगेनीज), जस्त, कॅल्शियम, बोरॉन यांना एकदा पानात बसल्यावर सहजी हलता येत नाही. ती कमी पडली की जुनी पानं हिरवी राहतात आणि शेंडा उपाशी. कोवळं पान पिवळं आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी, हे लोहाचं.

''पण पानात लोह पुरेसं आलंय,'' मी म्हटलं. त्यांनी विचारलं, ''पानं धुऊन पाठवली होती का?'' नव्हती. आमच्या रस्त्याची धूळ त्या पानांवर होती, आणि इथल्या मातीच्या धुळीत लोह असतंच. शिवाय लोहाच्या बाबतीत धुतलेलं पानही फसवतं, असं त्या म्हणाल्या. पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्याइतकं, कधी जास्तही निघतं, कारण ते आत पोचलेलं असलं तरी कामाच्या रूपात नसतं, आणि पान खुरटल्यामुळे प्रमाण चढं दिसतं. म्हणून लोहासाठी पानाच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये.

मातीचंही तसंच. दख्खनचा काळा पाषाण लोहाने भरलेला, त्याची झालेली माती लोहाने भरलेली. मात्र मुळांना उचलता येईल असं लोह त्यात २.८ पीपीएम, जिथे निदान साडेचार हवं. सामू आठच्या वर गेला की लोह विरघळतच नाही. झाडाची मुळं स्वतः थोडं आम्ल सोडून लोह मोकळं करतात, पण मी रोज घालत होते ते बायकार्बोनेटचं पाणी त्या आम्लाला तिथल्या तिथे मारत होतं. माहेरी उलट. तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस चुना धुऊन नेतो, जांभ्याची माती आम्लधर्मी राहते, आणि पेंडगुळीला, अनंताला तीच हवी. आईची पेंडगूळ काही न घालता का फुलते, त्याचं उत्तर मला त्या टेबलावर मिळालं. वाफा भिंतीला लागून असल्याने त्यात बांधकामाचा राडारोडाही होता. त्यातल्या सिमेंटचा चुना वेगळाच.

मी विचारलं, गंधक घालून सामू उतरवता येईल का? त्यांनी अहवालाच्या पाठीवर हिशेब करून दाखवला. एक किलो मातीत १४५ ग्रॅम चुना. तो संपवायला साधारण ४६ ग्रॅम गंधक. वाफ्यातली वरची अर्धा टन माती धरली तरी तेवीस किलो. एवढं गंधक एका छोट्या वाफ्यात घातलं तर क्षार वाढून झाडंच मरतील, आणि बोअरच्या पाण्यातून नवा चुना येत राहील तो वेगळा. हा कागद मी अजून जपून ठेवलाय. कारण गंधक घाला, ताक घाला, असे सल्ले पुष्कळ मिळतात, आणि चुना किती आहे ते पाहिल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

खात्री करायला त्यांनी एक बिनखर्चाची परीक्षा सांगितली. अर्ध्या लिटर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार), चिमूटभर सायट्रिक ॲसिड, साबणाचा एक थेंब. संध्याकाळी ब्रशने एका पिवळ्या पानाच्या फक्त अर्ध्या भागावर लावायचं, दुसरा अर्धा कोरा. २० मार्चला मी तीन पानांवर लावलं आणि देठाला दोरा बांधला. आठवडाभर काहीच दिसलं नाही. ३० मार्च, रंगपंचमी. बाहेर रंगाचे गाडे निघालेले, मुलं ओरडत होती, आणि मी वाफ्याशी वाकले तर पानाच्या अर्ध्या भागावर हिरवे डाग आलेले, जिथे थेंब टेकला होता तिथे तिथे. कोरा अर्धा तसाच पिवळा. मी यांना हाक मारून मारून बोलावलं. सात महिन्यांत पहिल्यांदा त्या झाडाने मला उत्तर दिलं होतं. त्याच दुपारी आईला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, ''अगं, मग आपली माती घेऊन जा की.''

एप्रिलमध्ये उपचार सुरू झाले. हिराकसाची फवारणी, लिटरला चार ग्रॅम आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, दर बारा दिवसांनी तीनदा, ऊन उतरल्यावर. हिराकस घेताना खडे हिरवे बघून घ्या. पिवळे-तपकिरी पडलेले असतील तर निम्मी ताकद गेलेली असते. द्रावण ताजं करा. फरशीवर पडलं तर गंजाचा डाग कायमचा राहतो, माझ्या पायरीवर अजून आहे. फवारणीने असलेली पानं हिरवी झाली, पण नवं पान पुन्हा पिवळंच आलं. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं : फवारणी म्हणजे सलाइन, मुळाकडचा रस्ता वेगळा उघडावा लागतो.

त्या रस्त्यासाठी त्यांनी चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह, लिहून दिलं होतं, 'ईडीडीएचए' प्रकारचं, सहा टक्क्यांचं. दुकानात ते नव्हतं. 'सगळं चिलेटेड एकच' असं सांगून 'ईडीटीए'चं पाकीट दिलं गेलं, १६० रुपये. मी ते घातलं, तीन आठवडे वाट बघितली, काही झालं नाही. हे दोन्ही एक नाहीत. 'ईडीटीए'मधलं लोह सामू साडेसहाच्या आसपासपर्यंत टिकतं. चुनखडीच्या मातीत त्यातलं लोह सुटतं आणि त्याची जागा कॅल्शियम घेतं. 'डीटीपीए' साडेसातपर्यंत. आठच्या वर टिकतो तो 'ईडीडीएचए', म्हणून तो महाग. पाकिटावर टक्केवारी बघून निवडू नका. 'ईडीटीए'वर बारा टक्के आणि याच्यावर सहा असतं, तरी आपल्या कामाचा हाच. शेवटी द्राक्षबागायतदारांना माल देणाऱ्या एका दुकानातून मागवला. पाव किलोला ४२० रुपये. काळपट तांबडे बारीक दाणे, पाण्यात टाकले की पाणी थेट कोकमाच्या आगळासारखं होतं. उन्हाने ते खराब होतं म्हणून वरून न ओतता, २८ एप्रिलला झाडाभोवती चार भोकं करून, झाडाला पाच ग्रॅम पाच लिटर पाण्यातून दिलं आणि भोकं बुजवली. वर हिरवी जाळी बांधली, कारण पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला होता.

१९ मेला पेंडगूळ क्र. १ला नवी पालवी आली. कोवळ्या पानाचा नेहमीचा तांबूस रंग, आणि चार दिवसांनी तो उतरून हिरवं. सगळं पान हिरवं, जाळी नाही.

मेअखेर माहेरी गेले तेव्हा बाबांनी परसातल्या लाल मातीची दोन पोती भरून ठेवलेली होती. ती गाडीच्या डिकीतून आणली. २०२४चा जून सोलापुरात छान बरसला. १२ जूनला पेंडगूळ क्र. २ आणि एक अनंत वाफ्यातून काढून अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावले. मिश्रण साधं : दोन भाग लाल माती, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जुनं शेणखत, मूठभर कडुनिंबाची पेंड. कोकोपीट दोन-तीनदा धुवा, त्यात मीठ असतं. काढताना मुळं फार दुखावली, अनंताचं दुसरं रोप तेवढ्यात गेलंच. ते मी आधीच्या डिसेंबरातच गमावलं होतं खरं तर, जूनपर्यंत ते नुसतं उभं होतं.

पाण्याचाही हिशेब लागतो, नाहीतर ड्रममधली माती दोन वर्षांत वाफ्यासारखीच होईल. पावसाळ्यात गच्चीचं पाणी पिंपात धरलं. इतर वेळी दहा लिटर बोअरच्या पाण्यात चार ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे सपाट लहान चमचाभर, घालून पंधरा मिनिटं ठेवते. हे प्रमाण माझ्या पाण्याच्या ७.४ बायकार्बोनेटचं आहे. तुमच्या पाण्याचा आकडा वेगळा असेल, तो काढल्याशिवाय हे घालू नका.

गच्चीवरच्या झाडांचं थोडक्यात. जास्वंदीचं दुखणं वेगळंच निघालं. पानं पिवळी होती, पण फांद्यांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण होता. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि निंबोळी तेलाने तो गेला. अरेका पामची मात्र खरी उपासमार होती. बुडाच्या झावळ्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके, टोकं वाळलेली. ही पालाशाची कमतरता. वाफ्यात पालाश भरपूर, पण कुंडीत नुसतं कोकोपीट, रोजच्या पाण्याने सगळं वाहून गेलेलं. मी त्या झावळ्या दिसायला वाईट म्हणून कापत होते. मॅडमनी तेवढं ताबडतोब थांबवलं. पाम त्या झावळीतूनच पालाश काढून नव्याला देत असतो. ती कापली की तो वरच्या झावळीला हात घालतो आणि रोग वर चढत जातो. पूर्ण वाळली तरच काढायची. सल्फेट ऑफ पोटॅश महिन्यातून एकदा आणि त्याच्या जोडीला थोडं मॅग्नेशियम सल्फेट, कारण एकटा पालाश वाढवला की मॅग्नेशियम मागे पडतं. ठिपके पडलेली झावळी पुन्हा हिरवी होत नाही, हे माहीत असू द्या. वरून नव्या निरोगी झावळ्या येऊन जुन्या वाळून जाईपर्यंत थांबावं लागतं. माझे पाम अजून अर्ध्या वाटेवर आहेत.

हे मी मार्च २०२५मध्ये लिहितेय. ड्रममधली पेंडगूळ दिवाळीत पहिल्यांदा फुलली आणि अजून थांबलेली नाही. वाफ्यातल्या दोघी पावसाळाभर हिरव्या होत्या. ऑक्टोबरात बोअरचं पाणी सुरू झाल्यावर महिन्याभरात शेंडे पुन्हा फिके पडले आणि तांबड्या दाण्यांची एक मात्रा द्यावी लागली. दर अडीच-तीन महिन्यांनी द्यावी लागेल असं दिसतंय. येत्या पावसात त्यांनाही ड्रममध्ये हलवणार आहे. अनंत जगलाय, कळ्या धरतो, पण थंडीत त्याची पानं पुन्हा पिवळी झाली होती. माती गार पडली की त्याची मुळं मंदावतात, असं मॅडम म्हणाल्या, आणि फेब्रुवारीत ऊब येताच तो आपोआप सावरला. खर्च मांडला तर चुकीच्या औषधांचे ७८० रुपये, तिन्ही परीक्षणांचे १३५०, आणि ज्याने गुण आला त्या हिराकस, सायट्रिक ॲसिड आणि तांबड्या दाण्यांचे मिळून ५६०. ड्रम, कोकोपीट, जाळी वेगळी.

आई संक्रांतीनंतर आठ दिवस येऊन राहिली. रोज सकाळी परडी घेऊन ड्रमशी जायची, पूजेपुरती फुलं काढायची आणि परत येताना वाफ्यातल्या दोघींचे शेंडे हाताने वळवून बघायची.

दूधवाल्या मामांना त्यांच्या दारात लावायला एक फांदी हवी आहे. त्यांचं रान चुनखडीचं, त्यामुळे नुसती फांदी देऊन भागणार नाही. बाबांच्या मातीतलं एक घमेलं मी बाजूला काढून ठेवलंय. फांदी त्यातच रुजवतेय, आणि जूनमध्ये मोठ्या कुंडीसकट त्यांच्या मोटरसायकलवर बांधून देणार आहे.